विज्ञानाचा तास रंगतो, पण दुसऱ्या दिवशी मुलांना काहीच सांगता येत नाही

नवीन_मॅडम

नमस्कार. मी यंदा जूनमध्ये कोल्हापूर शहरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझ्याकडे आठवीच्या दोन तुकड्या आणि नववीची एक तुकडी आहे. आठवी 'ब'चा पट ५८ असून तासिका ३५ मिनिटांची असते आणि तिच्यातील पहिली चार-पाच मिनिटे हजेरी घेण्यात व मागच्या बाकांवरची भांडणे मिटवण्यात जातात. बी.एड.च्या सराव पाठांच्या वेळी वर्गात मागे परीक्षक बसलेले असत आणि मुलेही पाहुण्याशी वागावे तशी समजूतदारपणे वागत, त्यामुळे त्या अनुभवाचा येथे फारसा उपयोग होत नाही.

पहिले दोन आठवडे मी पाठ वाचून, फळ्यावर मुद्दे लिहून शिकवले. मुले मुकाट्याने उतरवून घेत होती, पण डोळे खिडकीबाहेरच्या पावसाकडे होते. मग मी एके दिवशी मातीचा छोटा ज्वालामुखी करून नेला, त्यात खाण्याचा सोडा भरला, तांबडा रंग मिसळलेले व्हिनेगर ओतले आणि फेस उसळताच वर्गात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या वर्गातील सर डोकावून गेले. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी मात्र 'फेस कशामुळे आला?' असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. शेवटी एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, लाल रंगामुळं." रंग तर मी केवळ शोभेसाठी घातला होता.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न घोळत आहे. मुलांची करमणूक करणे आणि त्यांना विषयात गुंतवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळले आहे, पण दुसरी गोष्ट नेमकी साधायची कशी? पुढच्या आठवड्यात 'बल व दाब' हा पाठ सुरू करायचा आहे. प्रयोगशाळेत साहित्य जेमतेम आहे आणि खर्च करण्याची सोय नाही. त्यातच काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'पहिले वर्ष कडकच राहा, हसलात की वर्ग हातातून गेला' असा सल्ला दिला आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_मास्तर

मॅडम, मी ३१ वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि 'लाल रंगामुळं' या उत्तराला मी कमी लेखणार नाही. त्या मुलाने जे डोळ्यांना ठळक दिसले ते कारण म्हणून सांगितले. त्याचे काम फक्त पाहण्याचे होते आणि ते त्याने नीट केले. चूक असलीच तर एवढीच की फेस येण्याआधी त्याला काही ठरवावे लागले नव्हते.

माझा अनुभव असा आहे की कोणताही प्रयोग दाखवण्याआधी 'काय होईल आणि का?' हे प्रत्येक मुलाला वहीत लिहायला लावावे, आणि तेही पेनाने, म्हणजे नंतर खोडता येत नाही. एकदा स्वतःच्या हाताने अंदाज लिहिला की मुलाची त्या प्रयोगात थोडी पत अडकते. अंदाज चुकला तर त्याला चुटपुट लागते आणि बरोबर आला तर शेजाऱ्याला पटवण्याची घाई होते. बाकी सारे प्रयोगाच्या झगमगाटावर अवलंबून नसते. वाटीभर पाण्यातही हे साधते.

यासंबंधी माझी एक जुनी चूक सांगतो, कारण तुमच्या पाठाशी तिचा थेट संबंध आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात नववीच्या एका गटाला मी पाण्याचा उत्कलनबिंदू मोजायला दिला होता. चंचुपात्रातील पाणी खळखळून उकळत होते आणि थर्मामीटरचा पारा ९८ अंशांवर येऊन ठप्प झाला. मुलगा म्हणाला, "सर, ह्यो फुडं सरकंना झालाय." मी थर्मामीटर बदलून दिला, दुसराही ९८ वरच थांबला. तास संपत आला होता, म्हणून मी त्याला 'साधन जुने आहे, वहीत १०० लिही' असे सांगून मोकळा झालो. त्याने निमूटपणे १०० लिहिले आणि मी त्यावर सही केली.

पुढे कधीतरी लक्षात आले की आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाखाली. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. म्हणजे मुलाने बरोबर मोजले होते आणि मी त्याला खोटे लिहायला लावले होते. त्यानंतर प्रत्येक वर्षी मी तोच प्रयोग मुद्दाम करवून घेतला. आधी सारा वर्ग एका सुरात 'शंभर' म्हणतो, मग तीन गट तीन थर्मामीटरांनी मोजतात आणि तिघांचाही पारा ९८ च्या आसपास थांबतो. त्या क्षणी वर्गात जो गलका होतो तो थांबवू नये. पुस्तक चूक, थर्मामीटर चूक की आपण चूक, यावर मुले भांडत असताना वातावरणाचा दाब हा शब्द तुम्ही फळ्यावर लिहिलात, तर तो त्यांना हवा असलेला शब्द असतो. एरवी तो आणखी एक पाठ करायचा शब्द ठरतो.

आणखी दोन गोष्टी. प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे तिला आढळले. तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण ५८ चेहऱ्यांसमोर गप्प उभे राहून पाहा, म्हणजे ते किती लांब असतात ते कळेल. आणि 'समजलं का?' हा प्रश्न शक्यतो विचारूच नका. त्याला 'होऽऽ मॅडम' याखेरीज दुसरे उत्तर आपल्याकडच्या वर्गात आजवर कोणी दिलेले नाही.

कडक राहण्याविषयी म्हणाल, तर शिस्त हवीच. पण मुलाचे चुकलेले उत्तर ऐकून वर्ग हसला तर तेवढ्यापुरते जरूर कडक व्हा. बाकी हसायला हरकत नाही.

घटक_चाचणी

मास्तरांविषयी पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मी अकरा वर्षे याच विषयाला आहे. ५८ मुलांनी अंदाज लिहायचा म्हणजे वही काढणे, पेन शोधणे, 'मॅडम, समास सोडायचा का?' असे विचारणे यात सात-आठ मिनिटे सहज जातात. उरलेल्या वेळात प्रयोग, चर्चा, व्याख्या आणि गृहपाठ कसा बसवायचा? शिवाय ऑनलाइन माहिती भरणे, वह्या तपासणे, चाचण्यांचे गुण चढवणे हे कोणाला चुकले आहे? पर्यवेक्षक टाचण, म्हणजे पाठाची लेखी पूर्वतयारी, पाहतात. वर्गात झालेला गलका टाचणात कोणत्या रकान्यात लिहायचा ते कोणी सांगत नाही.

म्हणून नवीन मॅडमना माझा सल्ला असा की हे रोज करू नका. एका पाठाला एकच असा प्रयोग निवडा, त्यावर एक पूर्ण तास जाऊ द्या आणि बाकीचे तास सरळ शिकवा. फळ्यावर नीट लिहून देणे ही कमीपणाची गोष्ट नाही. घरी शिकवणारे कोणी नसलेल्या मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री त्या वहीचाच आधार असतो, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते.

नदीकाठची_शाळा

मी करवीर तालुक्यातील एका नदीकाठच्या गावात शिकवतो. 'बल व दाब' या पाठासाठी आपल्या जिल्ह्याइतके साहित्य क्वचितच कोठे मिळेल आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

सध्या पावसाळा आहे. राधानगरी धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात आणि 'दोन दरवाजे उघडले, पंचगंगेच्या पातळीत वाढ' ही बातमी प्रत्येक घरात वाचली जाते. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते असे त्या बातमीत असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, हे सांगून मुलांना गुणाकार करू द्या. सेकंदाला ४० हजार लिटर हे उत्तर आले की कोणीतरी गल्लीत येणाऱ्या टँकरशी तुलना करतोच. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी असते हे तर महापुराच्या आठवणीमुळे मुलांना पाठच असते.

दुसरे साहित्य म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, एकावर एक बसवून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ते काढून घेतात. मी वर्गात विचारतो की सर्वांत वरचा बरगा आणि तळाचा बरगा यांपैकी कोणावर जास्त जोर येत असेल? शहरातील मुलेही याचे उत्तर बरोबर देतात, पण 'किती पट जास्त?' यावर अडतात. समजा बरगा दोन मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर उंच आहे आणि दुसऱ्या बाजूला पाणी नाही. अगदी वरच्या बरग्यावर सरासरी १५ सेंटिमीटर खोलीचा दाब येतो, म्हणजे सुमारे ९० किलो वजनाइतके बल. चार मीटर खोलीवरच्या तशाच बरग्यावर सुमारे २,४०० किलो वजनाइतके. बरग्यांच्या दोन रांगांमध्ये माती भरतात तिचा हिशेब तूर्त सोडा. माझ्या वर्गात ही आकडेमोड झाल्यावर, एरवी गणिताला घाबरणारा एक मुलगा सांगू लागला की तळाचा बरगा अडकला तर तो काढायला किती माणसे लागतात. त्याचे आजोबा हे काम करत असत. आठवीपर्यंत त्याला वर्गात कोणी काही विचारलेच नव्हते, अर्थात मीही नाही.

आम्ल-आम्लारीचा पाठ दुसऱ्या सत्रात येईल, तेव्हा गुऱ्हाळे सुरू झालेली असतील. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि काहिलीत, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईत, घातलेली चुन्याची निवळी त्याची आम्लता कमी करते. भेंडीच्या चिकाने मळी वर येते ती वेगळी. गुळव्याला हे सारे हाताने माहीत असते, मुले लिटमस कागद घेऊन गेली की त्याला मोठी गंमत वाटते. मास्तरांच्या ९८ अंशांनाही तेथे जोड मिळते, कारण पाक आटत जातो तसतसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि गूळ उतरवताना तो ११८ अंशांच्या आसपास असतो. मात्र शाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर त्यात घालू नये, तो फुटेल आणि पारा गुळात जाईल. मुलांना काहिलीपासून दूर उभे करावे आणि मोजमाप मोठ्या माणसानेच करावे. गुळव्या स्वतः थर्मामीटर वापरत नाही, तो थोडा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते पाहतो.

उद्यमनगर_गॅरेज

मी शिक्षक नाही, माझे दुचाकीचे गॅरेज आहे. आमच्याकडे शिकाऊ पोरे येतात त्यांना मी एक प्रश्न नेहमी विचारतो, तो आपल्याला वर्गात चालेल. पंक्चर होऊन पूर्ण बसलेल्या टायरला हवेचा काटा लावला तर तो शून्य दाखवतो. मग त्या टायरमध्ये हवाच नाही का? दहावी झालेली पोरेही 'नाही' म्हणतात. काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढेच दाखवतो, हे कळायला त्यांना बराच वेळ लागतो.

नवीन_मॅडम

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी उत्तर लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

घटक_चाचणी सरांचे ऐकून मी एकच प्रयोग निवडला. ताटलीत पाणी घेतले, दिसायला सोपे जावे म्हणून त्यात चिमूटभर कुंकू कालवले, मध्ये मेणबत्ती उभी करून पेटवली आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालणार असे सांगून आधी सर्वांना अंदाज लिहायला लावले. वही-पेनाचा वेळ वाचावा म्हणून चतकोर कागद आधीच कापून नेले होते. बहुतेकांनी 'मेणबत्ती विझेल' एवढेच लिहिले. काहींनी 'ऑक्सिजन संपेल आणि तेवढे पाणी वर चढेल' असे लिहिले. खरे सांगायचे तर माझ्या टाचणातही हेच उत्तर होते.

ग्लास ठेवला, मेणबत्ती मंद होऊन विझली आणि पाणी सरसर वर चढले. मी समाधानाने स्पष्टीकरणाकडे वळणार, इतक्यात खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरील मुलगी म्हणाली, "मॅडम, जळत हुती तवर पाणी का न्हाई चढलं? इजल्यावर एकदम चढलं." मी पुन्हा करून पाहिले आणि तिचे म्हणणे खरे होते. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणीही हळूहळू चढायला हवे होते. मास्तरांची ९८ अंशांची गोष्ट वाचलेली नसती, तर मी बहुधा तिला 'बस खाली' म्हटले असते. मी म्हणाले, "मला माहीत नाही, उद्या पाहू." हे वाक्य बोलताना माझे कान तापले होते, पण वर्ग हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनीच तीन मेणबत्त्या एकत्र लावायचे सुचवले. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी तेवढेच चढायला हवे. प्रत्यक्षात ते स्पष्टपणे जास्त चढले. ग्लास टेकवताना काठाजवळून बुडबुडे बाहेर पडले हे पुढच्या बाकावरील दोघांनी पाहिले होते, ते त्यांनी सांगितले. मग कोणीतरी मेणबत्ती काढूनच टाकायला सांगितले. आम्ही ग्लास गरम पाण्याने विसळून लगेच पालथा घातला आणि तो निवत गेला तसे पाणी मेणबत्तीशिवायही वर आले. त्यानंतर मला फारसे सांगावे लागले नाही. ज्योतीमुळे तापलेली हवा पसरून काही बाहेर निसटते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो, इथपर्यंत मुले स्वतः आली. ऑक्सिजन काही प्रमाणात वापरला जातो, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते आणि ज्योत विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, एवढी भर मी घातली.

एका शब्दावर मात्र बराच वेळ गेला. मुले 'ग्लासानं पाणी ओढलं' असेच म्हणत राहिली. रिकामी जागा काही ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते, हे पटवताना गॅरेजवाल्या दादांचा टायर कामी आला.

आणि ज्याने 'लाल रंगामुळं' असे उत्तर दिले होते, त्याने या वेळी विचारले की कुंकू घातले नसते तर पाणी चढले असते का. मी त्यालाच साध्या पाण्याने करून पाहायला सांगितले. चढले.

घटक_चाचणी

छान झाले. एकूण किती तासिका लागल्या?

नवीन_मॅडम

सर, अडीच. त्यामुळे पुढचा पाठ अजून सुरू झालेला नाही. व्याख्या आणि उदाहरणे शनिवारच्या सकाळच्या शाळेत फळ्यावर लिहून दिली, मुलांनी ती कुरकुर न करता उतरवून घेतली. 'अ' तुकडीत हाच प्रयोग केला तर असे काहीच घडले नाही. तेथे कोणी प्रश्नच विचारला नाही आणि शेवटी मीच 'पाणी केव्हा चढले?' असे विचारले. तीनपेक्षा बरेच जास्त सेकंद थांबावे लागले.

नदीकाठची_शाळा सर, आपल्या गावातील गुऱ्हाळ साधारण कोणत्या आठवड्यात सुरू होते ते कृपया कळवावे. ५८ मुलांना एकाच वेळी काहिलीजवळ नेणे मला धोक्याचे वाटते, म्हणून मुख्याध्यापकांकडे दोन गटांसाठी वेगवेगळ्या दिवसांची परवानगी मागणार आहे. मोठा थर्मामीटर आमच्या शाळेत नाही, आपल्याकडे असल्यास तेही सांगावे.